टायलरचा पळायचा पाय

मंडळाच्या कार्यक्रमात नव्याने ओळख झालेलं माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतंच, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीत मराठी माणूस आणि सॉफ्टवेअर ही जोडी इतकी पक्की आहे, की आपण दुसरं काही करत असू अशी शंकाही कुणाला येत नाही. मी म्हणायची, "मी पाय करते." एकदा एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "अय्या, म्हणजे पेडिक्युअर का?" म्हटलं, "नाही हो, अख्खा पाय. ज्याचा गेलाय त्याला नवा." बाईंचा बटाटेवडा हातातच राहिला. त्यानंतर सबंध गणपतीत त्या माझ्या शेजारी जेवायला बसल्या नाहीत.

आता निवृत्त झालेय, तेव्हा कुणाची भूक मरेल याची काळजी न करता लिहिते.

लोकांना वाटतं, कृत्रिम पाय म्हणजे खालचं पाऊल. पाऊल कॅटलॉगमधून मागवता येतं. खरं काम असतं सॉकेटचं, म्हणजे उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो तिचं. ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप घ्यायचं, साचा करायचा, आणि मग तो हाताने घासत बसायचं. इथे थोडं जास्त, तिथे थोडं कमी. माणसाचं सगळं वजन त्या खोबणीत पडतं. नको त्या हाडावर भार आला की दोन दिवसांत जखम होते, आणि मग लाखमोलाचा पाय कपाटात आणि माणूस खुर्चीत. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला विचारा, तिला हे लगेच कळेल. माप बरोबर घेतलं तरी अंग सारखं थोडंच राहतं? सकाळचा पाय वेगळा, संध्याकाळचा वेगळा. खारट खाल्लं की सुजतो, उन्हात फिरलं की उतरतो. म्हणून आमचे लोक खिशात जादा मोजे घेऊन हिंडतात. सैल वाटलं, चढवला एक मोजा.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एका आजोबांना गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसताना बिअरचा डबा कुठे ठेवावा हा प्रश्न पडायचा. मी त्यांच्या पोटरीला एक कडं बसवून दिलं. त्यांनी ते तळ्यावरच्या सगळ्या दोस्तांना दाखवलं, आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही पाय धडधाकट असलेला एक म्हातारा मला फोन करून विचारत होता, "मला नुसतं कडं मिळेल का?"

पण सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक रॉजर. व्हिएतनामला एक पाय ठेवून आलेला, मांडीपासून. मी क्लिनिकात लागले त्याच्याही आधीपासून तो तिथे यायचा, आणि काम नसलं तरी यायचा. वेटिंग रूममधली खिडकीजवळची खुर्ची त्याची. अफगाणिस्तानचं युद्ध लांबत चाललं होतं तसे तरुण सैनिक आमच्याकडे यायला लागले, आणि रॉजर प्रत्येकाला न विचारता सांगायचा, "सगळ्यांना घरी आणा. उद्या नाही, आज." आमच्या मॅनेजरबाईंनी शेवटी भिंतीवर पाटी लावली, की इथे युद्धावर चर्चा करू नये. रॉजरने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "बरोबर आहे. चर्चा कसली करायची? घरी आणा."

नेमका माझा नवरा अविनाश उलट्या मताचा. बर्फ पडला की तो मला न्यायला यायचा आणि त्या दोघांची जुंपायची. अविनाश म्हणायचा, "ज्या लोकांनी तुमच्या भरवशावर मान बाहेर काढली, मुलींना शाळेत घातलं, त्यांना तसंच सोडून यायचं? काम अर्धवट टाकून?" रॉजर म्हणायचा, "अर्धवट म्हणजे किती राहिलंय ते सांग. मी गेलो तेव्हाही अर्धवटच होतं. मी आलो तेव्हाही." अविनाश म्हणायचा, "पण शब्द दिला होता ना देशाने?" रॉजर म्हणायचा, "देशाने दिला. पाळायला मात्र शेजारचा पोरगा गेला." मी आतून ओरडायची, "अहो, आटपा! रस्ते बंद होतील." दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलतात असं मला वाटायचं, आणि म्हणूनच दोघांचाही राग यायचा. अविनाशला तळघरात उतरताना गुडघा दुखतो, आणि हा निघालाय काबूल सांभाळायला!

माझं मत विचाराल तर रॉजरच्या बाजूचं. एवढे कोवळे पाय हाताखालून गेल्यावर दुसरं काय मत होणार? पण ते मी क्लिनिकात कधी बोलले नाही. आणि टायलर आल्यावर तर माझी पंचाईतच झाली.

टायलर राखीव दलातला. म्हणजे एरवी गोदामात नोकरी करायची, आणि बोलावणं आलं की युद्धावर जायचं. डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. लष्कराच्या इस्पितळातून सुटून तो आमच्या गावी परतला तेव्हा चांगला चालत होता. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "नव्या पायाने काय काय करायचंय?" हा माझा नेहमीचा प्रश्न. कुणी म्हणतं मासे, कुणी म्हणतं मुलीच्या लग्नात नाच.

टायलर म्हणाला, "मॅम, मला परत जायचंय."

"कुठे?"

"माझ्या तुकडीत. चौघं मित्र अजून तिथेच आहेत."

मला वाटलं गंमत करतोय. पण तसे नियम आहेत. कृत्रिम पायाने पळण्याची परीक्षा पास झालात आणि तुमची इच्छा असली, तर परत जाता येतं. त्याच्या शेजारी त्याची बायको मेगन बसली होती. हसरी, गोल चेहऱ्याची. पर्समधून एक डबा काढून तिने माझ्या टेबलावर ठेवला. "दालचिनीचे रोल आहेत, घरी केलेले," म्हणाली.

मी त्याला पळायचा पाय करून दिला. मागच्या बाजूला वाकलेलं कार्बनचं पातं, जमिनीवर टेकलं की उसळी देणारं. आणि सॉकेट असं जमलं की माझी मीच खूश. आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून तो दोनदा चालला, मग बाहेरच्या कॉरिडॉरमधून पळत सुटला. मॅनेजरबाई किंचाळल्या. रॉजर खुर्चीतून टाळ्या वाजवत होता.

दोन आठवड्यांनी टायलर लंगडत परत आला. सॉकेट घट्ट. पाय आत पूर्ण उतरतच नव्हता.

मी मनात म्हटलं, शुभाताई, घ्या! दिवाळी नुकतीच झाली होती, आणि मीच त्याला चकल्यांचा भला मोठा डबा दिला होता. आपल्याकडे कुणी डबा देऊन गेलं की रिकामा परत करायचा नसतो, त्यात मेगनच्या रोलची परतफेड. आणि मीच पेशंटना मीठ कमी खा म्हणून सांगणारी! चकल्यांनी सूज आली असणार. मी मुकाट्याने सॉकेट थोडं घासून मोठं केलं आणि त्याला ताकीद दिली, "चकली बंद." तो म्हणाला, "मॅम, त्या तर रॉजरने संपवल्या."

पुढच्या वेळी परत घट्ट. त्याच्या पुढच्या वेळी परत. आता मात्र माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. इतकी वर्षं काम करून एका माणसाचं माप मला घेता येईना? रात्रंदिवस डोक्यात तेच. अविनाश म्हणाला, "त्याला पळायचंच नसेल." म्हटलं, "तुला काय कळतंय? त्याच्यासारखा पळणारा मी पाहिला नाही."

शेवटी मी एक साधी गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. त्याला वजनकाट्यावर उभं केलं. अगं बाई! माझं सॉकेट नव्हतं चुकत. गडी चांगलाच सुटत होता. विचारलं, "खातोस काय रे?" तो लाजून म्हणाला, "मेगन सध्या खूप बेक करते. नको म्हटलं तर तिला वाईट वाटतं." आणि तेवढ्यात वेटिंग रूममधून दालचिनीचा वास आला. मेगन डबा घेऊन बसली होती, आणि काचेतून आमच्याकडेच बघत होती. वजनकाट्याकडे.

आपण बायका आहोत हो. त्या एका नजरेत मला सगळं कळलं.

मी टायलरला म्हटलं, "पाय काढ, मागे नेऊन घासून आणते," आणि मेगनला कामाच्या खोलीत बोलावलं. दार लावल्याबरोबर ती म्हणाली, "तुम्ही ओळखलंत ना?"

"ओळखलं."

"मग त्याला सांगू नका. प्लीज." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला नुसतं थोडं सैल करायचंय. किंवा घट्ट. तो परीक्षेत मागे पडेल आणि घरी राहील, एवढंच. कुणाचं काय बिघडणार आहे? एक पाय दिला ना त्याने? देशाला अजून किती पाय हवेत?"

तिचं म्हणणं ते माझंच म्हणणं होतं. मला तो परत जायला नकोच होता. मी आई आहे, माझा मुलगा त्याच्याच वयाचा. हातात कानस होती, समोर सॉकेट होतं. आतून जरासं चुकीचं घासलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, एक क्षण माझा हात थांबला होता.

पण पाय वाईट करायचा म्हणजे काय करायचं हे मला माहीत होतं. त्या पोराला जखम करायची. तो खुर्चीत बसणार, आणि का बसलो हे त्याला कधीच कळणार नाही. मी म्हटलं, "मेगन, वाईट पाय मी नाही करणार. देशासाठी नाही, तुझ्यासाठीही नाही. हे त्याला सांग. रोल खाऊ घालू नकोस, तोंडाने सांग."

"ऐकतच नाही! विषय काढला की उठतो आणि गॅरेजमध्ये जाऊन बसतो."

"आज नाही जाणार," मी म्हटलं. "त्याचा पाय माझ्याकडे आहे."

हे आमच्या धंद्याच्या कुठल्या नियमात बसतं ते विचारू नका. मी तो पाय काखेत मारला, मेगनचा हात धरला आणि टायलरसमोर जाऊन उभी राहिले. "तुझी बायको काही बोलणार आहे. ती बोलून होईपर्यंत पाय मिळणार नाही." टायलरने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. कुबड्या कोपऱ्यात होत्या, त्याच्या हाताबाहेर. बसला बिचारा.

मेगन बोलली. आधी रोलचं सांगितलं. टायलरचं तोंड उघडंच राहिलं. मग ती म्हणाली, "मला त्या देशाचं काही कळत नाही. तिथे अजून एक वर्ष थांबायला हवं की दहा, ते टीव्हीवाल्यांना माहीत. मला एवढंच माहीत आहे की फोन वाजला की अजून माझे हात गार पडतात. तू घरात आहेस तरी पडतात."

टायलर म्हणाला, "मला तरी कुठे कळतंय युद्ध बरोबर की चूक? पण ते चौघं तिथे आहेत, मेग. मी इथे सोफ्यावर."

"आणि मी?"

दार अर्धवट उघडं राहिलं होतं, आणि बाहेर रॉजरने सगळं ऐकलं होतं. तो दारात येऊन म्हणाला, "पोरा, मला तेव्हा असला पाय मिळाला असता तर मीसुद्धा परत गेलो असतो. एक मिनिट विचार केला नसता." मेगनने त्याच्याकडे असं पाहिलं की जाळून टाकते की काय. रॉजर पुढे म्हणाला, "विचार केला नसता, तेच सांगतोय. तू कर." आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसला. रॉजरला इतक्या कमी शब्दांत गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी पाय टायलरच्या हातात दिला. त्याने तो चढवला आणि दोघं निघून गेली. मेगन डबा न्यायला विसरली, आणि त्या दिवशी क्लिनिकात कुणालाच ते रोल गोड लागले नाहीत.

पुढे रोल बंद झाले, वजन उतरलं, सॉकेट सैल झालं, मी नवं केलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला पाय तो. टायलर एकटाच यायचा. काय ठरलं हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मेगन एकदा त्याला सोडायला आली तेव्हा गाडीतून उतरली नाही. मी काचेतून हात केला, तिने मान फिरवली. मला फार लागलं ते. घरी येऊन रडले. अविनाशने चहा करून दिला आणि म्हणाला, "तू तुझं काम केलंस." म्हटलं, "तेच तर! सगळेच आपापलं काम करतात, आणि तो पोरगा जातो." त्यावर अविनाश कप विसळायला उठला.

टायलर परीक्षेत पास झाला. दोन पायांच्या निम्म्या पोरांना मागे टाकून. फोनवर त्याने बातमी सांगितली तेव्हा अभिमानाने माझी छाती भरून आली, आणि फोन ठेवल्याबरोबर मेगनचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

पुढच्या मंगळवारी तो तपासणीला आला. बरोबर मेगन. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी मान खाली घालून सॉकेट बघत होते. टायलर म्हणाला, "मॅम, मी जात नाहीये."

मेगन गर्रकन वळली. "म्हणजे? पास झालास म्हणालास!"

"झालो. त्यांनी विचारलं, इच्छा आहे का? मी म्हटलं, जाऊ शकतो, पण जाणार नाही. काल सही करून आलो."

"काल? आणि मला आज सांगतोस? इथे?"

"घरी तू काहीतरी फेकून मारलं असतंस."

तिने पर्स फेकून मारली. मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली, इतकी हसली, की मला दोन्हींतलं काय चाललंय ते कळेना. माझंही तेच चाललं होतं म्हणा. नाक पुसत ती त्याला म्हणाली, "मग एवढं पळलास कशाला, मूर्खा? जायचंच नव्हतं तर?"

टायलर म्हणाला, "पायामुळे घरी राहिलो असतो तर जन्मभर त्या पायावर चिडलो असतो. मग तुझ्यावर. आता कुणावर चिडायचं? मीच राहिलो."

त्या दोघांना मिठी मारून मी खोलीबाहेर आले, तर रॉजर वाट बघतच होता. बातमी ऐकून म्हणाला, "बघ, पोरगं माझ्या बाजूचं निघालं!" संध्याकाळी अविनाश म्हणाला, "म्हणजे तिथे त्याची जागा भरायला दुसरा कुणीतरी जाणार ना?" दोघांनाही मी एकच सुनावलं, की त्याला तुमच्या भांडणात ओढू नका, त्याचं त्याने कष्टाने ठरवलंय. पण अविनाशचा प्रश्न खोटा नव्हता. टायलरलाही तो छळत होता, हे मला नंतर कळलं.

त्याने त्या चौघा मित्रांना फोन करून सांगितलं होतं. आधी भरपूर शिव्या मिळाल्या. मग त्यातल्या एकाने विचारलं, "तू तिथेच असशील तर माझ्या आईच्या दारातला बर्फ काढशील का? तिची कंबर गेलीये आणि ती ऐकत नाही." हे टायलरने मला असं सांगितलं, जसं काही मोठं पद मिळालंय.

मिनेसोटाचा हिवाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, बर्फ एकदा काढून भागत नाही. काढला की पडतो. त्या हिवाळ्यात एका सकाळी मी क्लिनिकला निघाले होते, तर एका अनोळखी घरासमोर टायलर फावडं मारताना दिसला. दुसऱ्या बाजूने मेगन. दारात एक म्हातारी गाउनवर कोट घालून उभी होती आणि गुलाबाच्या झुडपावर बर्फ टाकलास म्हणून त्याच्यावर ओरडत होती. तो "हो मॅम, हो मॅम" करत ते झुडूप हाताने मोकळं करत होता. मी हॉर्न वाजवला. मेगनने मान वर करून पाहिलं, आणि फावड्यासकट हात हलवला. खूप दिवसांनी ती माझ्याकडे बघून हसली. मी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं तिथेच बसून राहिले.

ते एकाच घराचं काम नव्हतं. एकाने विचारल्यावर उरलेल्या तिघांना तो कसा नाही म्हणणार? चार मित्र, चार आया, गावाच्या चार टोकांना. गोदामातल्या पाळीच्या आधी अंधारात निघायचा. थंडीने सॉकेटमधला पाय आकसायचा, जादा मोजे चढवायचा, पुढच्या दारी जायचा. सैन्य ठेवावं की आणावं यावर आमच्या घरात पुढेही भांडणं झाली. रॉजर आता फराळाला घरीच यायला लागला होता, त्यामुळे जास्तच झाली. त्या पोरांना परत बोलावणारे लोक आमच्यापैकी कुणाला विचारायला येणार नव्हते. पण एकेक करून चौघंही सुखरूप परत आली. आणि ती येईपर्यंत त्यांच्या दारात टायलरने एक दिवस बर्फ साचू दिला नाही.